कुणाचं हसू, कुठं चिकटवलं

त्या जिन्याच्या वर काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता पन्नाशी गाठली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी टीव्हीवर कुठल्याही घरात जिना दिसला की माझी मान आपोआप वर जाते. तेव्हा एक विनोदी मालिका लागायची. तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं. ते आमच्या महाळुंगे पडवळमध्ये कुणाच्या तोंडी बसलं नाही, सगळं गाव तिला ‘जिनेवाली’ म्हणायचं. मुंबईतलं एक घर, एक सोफा, एक जेवणाचं टेबल आणि मागं तो जिना. जो येई तो जिन्यावरून खाली येई, काहीतरी बोले, आणि न दिसणारी माणसं खो खो हसत. वर कुणी झोपलंय, कुणी केर काढलाय, कुणी वाळवण घातलंय असं एकदाही दाखवलं नाही. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, “वर कायबी न्हाई. चार पायऱ्या चढायच्या आन फळीवर उभं ऱ्हायाचं.” तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. प्रत्येक वस्तू उघडून आतून बघायची त्यांना खोड होती आणि ती खोड अख्ख्या घरात फक्त मला लागली होती. त्यांना लोक हुशार म्हणत, मला भोचक.

टीव्ही पुढच्या खोलीत होता, त्यावर शालनकाकीनं विणलेला लोकरीचा रुमाल. शालनकाकी म्हणजे तात्यांची बायको. मालिका लागायची ती संध्याकाळच्या धारा काढून झाल्यावर. पलंगावर नाना, म्हणजे माझे आजोबा. खाली सतरंजीवर दादा, म्हणजे वडील, आणि त्यांच्या शेजारी तात्या. आळीतली पोरं टीव्हीच्या अगदी नाकासमोर. बायका मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, कुणी भाकरीचं पीठ मळताना, कुणी लसूण सोलताना. तिथून पडद्याचा अर्धाच भाग दिसायचा, पण त्याची तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही. नाना समोर असताना घरच्या सुनांनी आवाज करून हसायचं नसे. हसू आलं की पदराचा बोळा तोंडात. आईला त्याचा सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, कारण तिचं हसू अंगापिंडानं तिच्यासारखंच दणकट होतं. कांदा काढताना ती रानात हसली की बांधापलीकडची माणसं हातातलं खुरपं थांबवून बघत. घरात ते सगळं ती पदरात कोंबायची आणि तिचे खांदे गदगदा हलत. काकीचं उलटं. ती हसताना ऐकूच यायची नाही. सगळ्यांचं हसून संपलं की तिचा श्वास आत ओढला जायचा आणि हँडपंपाला हवा लागल्यासारखा बारीक आवाज यायचा. तोवर सगळे पुढच्या विनोदाकडे गेलेले असत.

खोटं काय ते सगळ्यांना दिसायचं, असं मला आता ठामपणे सांगावंसं वाटतं. शहरातल्या माणसांना उगाच वाटतं की खेड्यातला प्रेक्षक भोळा. आई उंबऱ्यातून म्हणायची, “कप मोकळा हाय त्यो. भरल्याला कप असा धरत्यात व्हय? सांडंल की.” दादांना टेबलाची गंमत वाटायची. सगळं घर टेबलाच्या एकाच बाजूला बसायचं, समोरची बाजू मोकळी. “हे जेवाया बसल्यात का फोटोला?” एकदा हिरोनं दार आपटलं तर शेजारची भिंत हलली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा हललं, आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. एवढं सगळं दिसूनही पुढच्या आठवड्याला सगळे आपापल्या जागी हजर. वाद व्हायचा तो फक्त त्या न दिसणाऱ्या हसणाऱ्यांवरून. तात्यांचं म्हणणं, हसू टेपवर असतं, मागनं चिकटवतात. नानांना ते पटायचं नाही. त्यांनी नारायणगावच्या तंबूत उभा जन्म तमाशे पाहिलेले. “सोंगाड्या समोर आसंल तर हसणारा बी समोर पायजे,” ते म्हणायचे. “तोंड न दाखवता हसतोय त्यो माणूस कसला?” यावर शालनकाकी आतून म्हणाली, “हसू आलं की हसायचं. जिन्याच्या वर काय का असंना, आपल्याला का तिथं झोपाया जायचंय?” यावर वाद मिटला, म्हणजे त्या दिवसापुरता.

आई आणि काकी या दोन जावा अशा होत्या की पाहुण्यांना त्या बहिणी वाटत. आमच्याकडची मासवडी एकट्या बाईचं काम नव्हे. बेसन हाटायला एकीचा दंड लागतो, तोवर दुसरीनं ओलं फडकं अंथरून तीळ-खोबरं-कांद्याचं सारण तयार ठेवायचं. बेसन गरम आहे तोवर फडक्यावर थापायचं, सारण भुरभुरायचं, फडक्याची कड उचलून वळकटी करायची. एक क्षण उशीर झाला तर तडा जातो. आमच्या घरच्या मासवडीला तडा गेलेला मी पाहिला नव्हता. काकीला मूलबाळ झालं नाही. त्यावरून घरात तिला कुणी कधी काही बोललं नाही, आणि त्याचं कारण आई. भावकीतल्या एका डोहाळजेवणात ओटी भरायच्या वेळी एका म्हातारीनं काकीला वगळून ताट पुढं सरकवलं, तेव्हा आईनं हातातला नारळ खाली ठेवला. “माझ्या शालनची नगं तर माझी बी नगं,” असं म्हणून ती काकीचा हात धरून तिथून उठली आणि दोघी उन्हातून घरी आल्या. काकीनं ते मनात कुठं जपून ठेवलं होतं ते पुढं कळलं. राहिला माझा विषय. काकीच्या लग्नात आलेले गुलाबांच्या नक्षीचे कप होते, ते एकेक करून मी सगळे फोडले. माझे हात तेव्हापासून असेच आहेत. काकी काचा गोळा करायची आणि म्हणायची, “जाऊ दी. पायात जाईल, बाजूला हो.” कप वाचवायची धडपड तिनं कधी केली नाही, माझे पाय मात्र वाचवले.

अशात एक दिवस ती मालिकाच आमच्या दारात आली. मालिकेतला हिरो आपल्या गावी जातो असा एक भाग त्यांना करायचा होता. त्यांच्यातल्या एकाची सासुरवाडी आमच्या जवळच्या पेठ गावची, तिथली मोटार तात्यांनी दुरुस्त केलेली, त्या ओळखीवर आमचं घर ठरलं. सकाळी गाड्या आल्या, जनरेटर आला, छत्र्या आल्या, आणि छत्र्यांमागून हिरो. टीव्हीत दिसायचा त्यापेक्षा तो बराच बुटका होता. नानांनी त्याला विचारलं, “पावणं, काय आजारी व्हता का?” मी धिटाईनं पुढं होऊन जिन्याच्या वर काय असतं ते विचारलं. तो हसला. “ते सांगितलं तर मालिका बंद पडेल, बाळ,” म्हणाला. भला माणूस होता. फक्त आपलं काम येईपर्यंत तो गप्प बसून असायचा आणि काम आलं की एकदम मजेशीर व्हायचा, बटण दाबल्यासारखा. त्याचं मला फार नवल वाटलं.

प्रसंग असा होता की हिरो गावी जेवायला बसतो आणि तिखटानं त्याची गाळण उडते. आई आणि काकीनं पहाटेपासून मासवडी केलेली, रस्सा केलेला, बाजरीच्या भाकरी. मला वाटलं होतं तो एकदा जेवेल आणि झालं. पण त्याला तोच घास पुन्हा पुन्हा घ्यायचा होता. कधी ऊन गेलं, कधी म्हैस ओरडली, कधी त्याच्या कपाळावर घाम आला नाही. आणि मध्येच एक चष्मेवाली मुलगी किंचाळली. ताटात मगाशी होत्या त्यापेक्षा वड्या जास्त कशा? ताट कुठवर आलं होतं ते ध्यानात ठेवणं एवढंच त्या मुलीचं काम, आणि ती रडकुंडीला आली होती. तेवढ्यात काकी पातेलं घेऊन पुन्हा वाढायला निघालेली दिसली. दर वेळी तो घास घ्यायचा, कॅमेरा थांबायचा, आणि काकी जाऊन ताट भरून यायची. “ताई, वाढू नका!” मुलगी म्हणाली. काकीला हे कळेना. “पावण्याच्या ताटात जागा दिसली तर वाढायचं न्हाई म्हंता? ह्यो कसला जेवनाचा सीन?” शेवटी दिग्दर्शकानं हात टेकले. तो भाग पुढं टीव्हीवर लागला तेव्हा हिरो जेवत जातो तसतसं त्याचं ताट भरत जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. अख्ख्या महाराष्ट्रात त्यावर कुणी पत्र पाठवलं असेल असं मला वाटत नाही.

त्याहून नवलाची गोष्ट हसण्याची. हिरोनं पहिल्यांदा जीभ बाहेर काढून अंगणात उडी मारली तेव्हा जमलेलं गाव पोट धरून हसलं. लगेच ओरडा झाला, “साइलेन्स! कुणी हसायचं नाही!” सगळे कावरेबावरे झाले. नाना चिडले. “विनोद करत्यात आन हसू नका म्हंत्यात. मग आमाला बोलावलं कशाला?” पुढची खेप झाली, त्याच्या पुढची झाली, आणि मग हसा म्हटलं तरी कुणाला हसू येईना. दिवसभर आमच्या अंगणात एक विनोद झाला आणि तो करणाऱ्यांच्याही तोंडावरची रेघ हलत नव्हती. लग्नघरातल्या आचाऱ्याला जेवण जात नाही, तसं काहीतरी असावं.

कामं आवरता आवरता त्यांच्या आवाजवाल्या माणसानं वेगळंच मागितलं. काठीच्या टोकाला केसाळ बोळा बांधलेला माईक घेऊन तो दिवसभर फिरत होता, पोरांनी त्याचं नाव मुंगूस ठेवलं होतं. तो म्हणाला, “मालिकेला तेच तेच हसू लावून मी कंटाळलोय. गावाकडचं खरं हसू द्या मला थोडं.” म्हणजे तात्या जिंकले होते. ते नानांकडे बघून नुसते खाकरले. पुरुषांनी दिलं ते हसू, ओढूनताणून, खोकल्यासारखं. बायकांनी तर सगळ्यांनी मिळून पदर तोंडात घातले, आणि त्या माणसाच्या मशीनचा काटा जागचा हलेना. आईनं त्याला बाजूला घेऊन समजावलं, “भाऊ, मामंजी हायत तवर न्हाई व्हायचं.” मग नानांसकट सगळे पुरुष पुढच्या दारी गेले, बायका मागच्या अंगणात आल्या, आणि तो आवाजवाला स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, मुंगूस तेवढं मागं धरून. तरी काही होईना. “हसा” म्हटल्यावर हसणार कसं? तेवढ्यात शालनकाकीनं कोपऱ्यातला खराटा उचलला.

काकी घरातली नकलाकार होती, पण फक्त बायकांपुरती. नानांच्या चालण्यापासून ग्रामसेवकाच्या शिंकेपर्यंत सगळं तिला यायचं. तिनं खराटा त्या माणसाच्या मुंगसासारखा सगळ्यांच्या डोक्यावर धरला, त्याच्याचसारखी एक मांडी वाकवली, मान तिरकी केली आणि सुरू झाली. “ताई, हसा. जरा कमी. मावशी, तुमी मागनं हसा. त्या म्हशीला सांगा, आत्ता न्हाई. हं, परत. साइलेन्स!” आणि खराट्यातून वाळकी काडी निघून थेट आवाजवाल्याच्या मानेवर पडली, आणि तो पाल समजून जागच्या जागी उडाला. आई हसली. रानात हसते तशी, पदर खांद्यावरच ठेवून, हसता हसता ती अंगणात खाली बसली, डोळे पुसत. तो माणूस भिंतीकडं तोंड करूनच अंगठा वर दाखवत होता. घराच्या आवारात आईला असं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला इतकं छान वाटलं की मी उगाचच गोठ्याला एक फेरी मारून आले.

काही आठवड्यांनी तो भाग लागला. भावकी, आळी, अवसरीची आत्या, सगळी आमच्या पुढच्या खोलीत. आमचा ओटा दिसला, टाळ्या. आमची म्हैस दिसली, शिट्ट्या. भरत जाणारं ताट दिसलं, मी एकटीच हसले. मग गावाकडचं संपलं आणि हिरो मुंबईच्या घरी परत आला, तोच सोफा, तोच जिना. शेजारीण आली. ती बाई मालिकेत नेहमी आपल्या नेटक्या घराची बढाई मारायची. म्हणाली, “आमच्या घरात लग्नापासून एक कप फुटलेला नाही.” हिरो म्हणाला, “कप फोडायला घरात कुणीतरी जन्माला यावं लागतं, वहिनी!” आणि हसू आलं. एकटं, मोठं, मोकळं, ओळखीचं. “अगं बया, ही तर सरू!” आत्या ओरडली. सरू म्हणजे माझी आई. “सरूवहिनी टीव्हीत हसल्या!” सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली आणि मग एकेक टाळी थांबत गेली, कारण नेमकं कशावर हसू आलं ते एकेकाच्या ध्यानात येत गेलं. उंबऱ्याच्या आत काकी लसूण सोलत होती. तिनं सालं पदरात गोळा केली, उठली, आणि मागच्या दारानं बाहेर गेली. उरलेला भाग कुणी बघितला नाही, टीव्ही मात्र चालूच होता आणि त्यातली माणसं हसतच होती.

दुसऱ्या दिवशी काकीनं मागच्या पडवीत तीन विटा मांडल्या. चूल वेगळी केली. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनाच याचा अर्थ कळेल. आज चूल वेगळी म्हणजे पाडव्याला वाटणीचं बोलणं, मग अंगणात मधोमध भिंत, मग एकमेकांच्या लग्नात आमंत्रणापुरतं येणं. आई तिच्यामागं पडवीत गेली. “शालन, म्या त्याला हसलेच न्हाई गं. मला ठावं बी नव्हतं काय चिकटवणार ते.” काकी विटेवरची राख पुसत म्हणाली, “आवाज तुमचाच व्हता ना, आक्का?” तात्यांनी समजावलं की ते लोक कुणाचं हसू कुठंही लावतात. “चिकटवायला आदी कुनीतरी हसावं लागतं,” काकी म्हणाली. “समदं गाव हसलं असतं तर मला काय वाटलं नसतं. त्यात एकच आवाज व्हता, त्यो आक्कांचा. माझ्यापायी ओटी सोडून उठल्याल्या आक्कांचा.” तात्या दोन्हीकडून अडकले. जेवायला पडवीत बसायचे आणि आईकडं बघायचं टाळायचे. नाना म्हणाले, “जिमिनीपायी चुली फुटल्याल्या ऐकल्या. हसण्यापायी फुटल्याली ही पयलीच.” आईनं त्या दिवसांत बेसनाच्या डब्याला हात लावला नाही. मला दोन घरं झाली होती आणि दोन्हीकडं जेवताना घास फिरायचा.

इतके दिवस ती मालिका कशी करतात याचं कुतूहल मला होतं ते गंमत म्हणून. आता ते माझ्या घराचं काम होऊन बसलं. पुढच्या आठवड्यात मी एकटीच टीव्हीसमोर बसले, आणि हिरो साबणावरून घसरला तेव्हा तेच हसू पुन्हा आलं. तसंच चढलेलं, तसंच मध्ये तुटलेलं. मी धावत काकीकडं गेले, तर ती म्हणाली, “त्याचं मला काय सांगतीस?” त्याच्या पुढच्या वेळी मी तात्यांचा टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून ठेवला. चहा नासला त्यावर ते हसू. मांजर अंगावर पडलं त्यावर तेच हसू. म्हणजे आई बिचारी दर आठवड्याला हसत होती आणि घरात तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. ती कॅसेट मी कांदा साठवायच्या चाळीत बसून ऐकली, कानाला लावून, पुढं-मागं करून. आईचं हसू कुठं सुरू होतं, कुठं श्वास घेते, कुठं ती खाली बसली असेल. आणि अगदी शेवटी, आई दमते तिथं, त्या हसण्याच्या बुडाशी आणखी काहीतरी होतं. टीव्हीवर ते ऐकू यायचं नाही. मी ते इतक्या वेळा ऐकलं की बॅटऱ्या उतरायला आल्या. मग मी उठले.

काकी पडवीत तूर पाखडत होती. पलीकडं छपराखाली तात्या मोटारीची तार गुंडाळत बसलेले, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. मी बटण दाबलं. “बंद कर ते,” काकी म्हणाली. मी म्हटलं, “काकी, आईचं ऐकू नका. तिचं संपतं त्याच्या मागचं ऐका.” पुन्हा लावलं. तिनं सूप खाली ठेवलं. “काय हाय ते? कोंबडी हाय?” मी म्हटलं, “तुमी हाय.” “जा गं, मी कुठली? मी अशी वाजते व्हय?” तिचा विश्वास बसेना, आणि मला दुसरा पुरावा सुचेना. माणसाला स्वतःचं हसू बाहेरून कधी ऐकूच येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आवाज पूर्ण चढवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आत ओढलेला श्वास, आणि मागून तो बारीक हँडपंप.

छपराखालून तात्यांचा आवाज आला. “शालन, का गं हसतीस?”

इतक्या दिवसांत त्यांनी बायकोचं हसू ऐकलं नव्हतं. हातातली तार तशीच धरून ते पळत पडवीच्या पायरीपर्यंत आले, तोंडावर आशा मावत नव्हती, आणि त्यांनी बघितलं तर काकी गप्प बसलेली आणि हसतोय तो टेपरेकॉर्डर. काकीनं मला खूण केली, परत लाव. मी लावलं. ती मान तिरकी करून ऐकत होती, त्या आवाजवाल्याची नक्कल करताना केली होती तशीच. “खराट्याची काडी पडली त्याच्या मानंवर,” ती हळूच म्हणाली. “पाल समजला त्यो. त्याला हसल्या आक्का. माझ्या सोंगाला हसल्या.” मग थोडं थांबून, “म्हंजे माझ्यावर विनोद झाला त्याला मी बी हसले व्हय रं देवा!” तिला हसू आलं की रडू, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सूप तिथंच टाकून ती उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. आई चुलीपुढं पाठमोरी होती. काकी म्हणाली, “आक्का, बेसन हाय का घरात? हाटायला घ्या. मी फडकं भिजवते.” आईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही, तिला बघवलंच नसतं. तिनं फक्त हात वर करून फळीवरचा डबा काढला. त्या दिवशीच्या मासवडीला तडा गेला होता, चांगला वीतभर, आणि ती आम्ही सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ली.

माझा मुलगा आता मोबाइलवर विनोदी मालिका बघतो. त्यात हसूच नसतं, ज्याचं त्यानं हसायचं. मी त्याला विचारलं की हे कसं करतात, कुठं करतात, तुला कधी बघावंसं वाटत नाही का? “कोण बघतंय ते, आई?” असं म्हणाला. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आम्हीही हलणारी भिंत बघून टाळ्याच वाजवल्या होत्या. पण ज्याचं हसू त्यात असतं त्याला बघावं लागतं, एवढं मला ठाऊक आहे.

तर त्या तडा गेलेल्या मासवडीनंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘जिनेवाली’चे जुने भाग परत लागायला लागले, आणि एका संध्याकाळी तोच भाग आला. पडवीतल्या विटा तोवर गोठ्यात म्हशीच्या दावणीला लागल्या होत्या. आमचा ओटा आला, म्हैस आली, ताट भरत गेलं. मुंबईचा सोफा दिसला तसे दादा टीव्ही बंद करायला उठले. “असू द्या,” काकी उंबऱ्यातून म्हणाली. नाना पलंगावर होते. आईनं आधीच पदर तोंडात धरला होता, हसण्यासाठी नव्हे, भीतीनं. शेजारीण आली. म्हणाली, “आमच्या घरात लग्नापासून एक कप फुटलेला नाही.” आणि हिरोनं तोंड उघडायच्या आत शालनकाकी, नानांच्या देखत, भरल्या खोलीत, टीव्हीला म्हणाली, “मग आमची कुंदी ने चार दिवस. माझा एक कप ठिवला न्हाई पोरीनं.”

कुंदी म्हणजे मी. टीव्हीत हिरो काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही, त्याच्यावर चिकटवलेलं आईचं हसू तेवढं आलं, आणि त्याच वेळी खोलीत आईचे खांदे हलायला लागले. काकीनं हात लांब केला आणि आईच्या तोंडातला पदर ओढून काढला. नाना आपणहून, त्या आवाजवाल्यासारखे, भिंतीकडं तोंड करून बसले.